ग्लासगोच्या शहाणीचा उखाणा

विहीणबाई,

तुम्हाला नेलं त्या दुपारी मी सोसायटीच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होते. वॉचमन जवळ आला, हात जोडून म्हणाला, "मेंझीज मॅडम लई चांगल्या होत्या, आजी." माझे डोळे भरलेले, नाक वाहतंय, पदर तोंडाला लावलेला. आणि त्या पदराआडून माझ्या तोंडातून काय निघावं? "मिंगिस म्हण रे बाबा." पोरगं घाबरून सॉरी म्हणालं. बघा, जातानाही माणसं कामाला लावून गेलात.

रविवारचं तुम्हाला सांगायचं आहे. तुमचा-माझा करार होता की दोघींपैकी जी मागे राहील तिने दोघींच्या नवऱ्यांची नावं उखाण्यात घ्यायची, चारचौघांत, मोठ्याने. तुम्ही मागे राहिला असतात तर काही प्रश्न नव्हता, तुम्ही माइक हिसकावून घेतला असतात. मागे राहिले मी. अख्खी भावकी समोर बसणार, आणि मी, विधवा बाई, उभी राहून उखाणा घेणार? पण ते सांगण्याआधी मला आपलं सगळं परत एकदा उगाळायचं आहे. तुम्ही मधे बोलू शकत नाही, ही संधी मी सोडायची नाही.

लग्नाच्या पत्रिकेपासून धरा. तेव्हा मी तरुण होते, साठीची. जुन्या अकरावीला इंग्रजीत गावात पहिली आले होते, त्यामुळे तळवड्यात इंग्रजी म्हणजे मीच, असा माझा ठाम समज. माझ्या प्राजक्ताने तुमचं आडनाव इंग्रजीत लिहून दिलं. मी चष्मा पुसला, वाचलं, मेंझीज. मधोमध झेड बसलाय धडधडीत, त्यात विचारायचं काय? लेक चाकणहून कंपनीतून फोन करकरून सांगत होती की आई, त्यांचा उच्चार वेगळा आहे. मी म्हटलं, तू मला एबीसीडी शिकवू नकोस. झालं, गठ्ठाभर पत्रिका मेंझीज होऊन आल्या. मी त्या घरोघर वाटताना भावकीतल्या बायांना उच्चारही शिकवत होते. जीभ दाताला लावा, म्हणे. काय ती ऐट. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन.

आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांपेक्षा माइक जास्त वेळ चालतो. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सगळ्यांचं नाव घेऊन स्वागत झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. माइकवर माझा पुतण्या दिलीप. त्याने आवाज चढवला, "स्कॉटलंडहून खास या सोहळ्यासाठी पधारलेल्या मेंझीज परिवाराचं वाळुंजकर परिवाराच्या वतीने सहर्ष स्वागत!" तुम्ही पहिल्या रांगेतल्या कोचावर होतात, मी दिलेली मोरपंखी पैठणी नेसून, पिनांनी जागोजागी ठोकलेली. उठलात, निऱ्या मुठीत धरल्यात, स्टेजवर गेलात, दिलीपच्या हातातून माइक घेतलात आणि म्हणालात, "मिंगिस." मांडवाला वाटलं, तिकडे आभाराला मिंगिस म्हणत असतील. टाळ्या पडल्या. दिलीप म्हणाला, "धन्यवाद, मेंझीजताई." तुम्ही परत माइक घेतलात.

मी खाली उभी राहून धुमसत होते. एवढा मान करतोय, आणि ही बाई भर मांडवात माझी पत्रिका चुकीची ठरवतेय! त्यात त्याआधी तुम्ही पायही धुऊ दिले नव्हते. वरमाईचे पाय धुवायचे असतात, मी ताम्हण आणि कोमट पाणी घेऊन खाली बसले, तर तुम्ही पाय असे वर ओढून घेतलेत जणू मी पायमोजे चोरायला आलेय. मी त्याच दिवशी मनात लिहून टाकलं, ही विहीण मला पचायची नाही.

आणि मग ते संध्याकाळचं. पिंपळे सौदागरला तुमच्या कॅलमच्या फ्लॅटवर पोरगी माप ओलांडायला उभी. बायांनी दार अडवलं, नाव घे म्हणून. प्राजक्ताने कॅलमचं नाव घेतलं, मिंगिस असं खणखणीत म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मग माझी पाळी. माझा उखाणा लग्नापासूनचा एकच:

इंद्रायणीच्या काठाला तळवडे गाव,
सासूबाईंच्या शब्दाखातर घेते खंडेरावांचं नाव.

हे मागे जिन्यात उभे होते, खाकरले. नेहमी खाकरायचे. मग कुठल्याशा पोरीने तुमच्याकडे बोट केलं, आता वरमाईने घ्यावं. हसू फुटलं, आणि लगेच विझलं. माझी थोरली जाऊ चंद्राबाई बारीक आवाजात म्हणाली, "अगं गप. त्येंचं मालक न्हाईत." ती स्वतः कपाळ पुसल्यापासून अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, पण रीत राखायला सगळ्यांत पुढे. सगळ्या बाया चपला शोधायला लागल्या. तुम्ही प्राजक्ताला विचारलंत, काय झालं. तिने कानात सांगितलं. तुमच्या पिंगट भुवया वर गेल्या.

"अँगस मिंगिस," तुम्ही म्हणालात, सगळ्यांकडे बघत. "जहाजं बांधायचा. नाचता अजिबात यायचं नाही, तरी नाचायचा."

यमक नाही, गाव नाही, नदी नाही. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मला तुमची दया आली, विहीणबाई. खरंच सांगते. हिरव्या चुड्यातली मी, नवरा जिन्यात खाकरतोय, आणि मी मनात म्हणतेय, बिचारी, परक्या मुलखातली, रीत कळत नाही. दया करण्याचा मक्ता तेव्हा माझ्याकडे होता ना.

तुम्ही हिवाळ्यापुरत्या यायच्या त्या आपली नात रेवा झाल्यावर राहूनच गेलात. दुपारी मी तळवड्याहून बस धरून यायची, तुमच्या बाल्कनीत बसून आपण मटार सोलायचो. तुमचं मराठी मोडकं, माझं इंग्रजी त्याहून मोडकं, वर अकरावीचा गर्व. लेक घरी असली तर दुभाषी, नसली तर हातवारे. अशाच एका दुपारी तुम्ही मला त्या झेडचं गुपित सांगितलंत. तो झेड नव्हेच. जुन्या काळी तुमच्याकडे एक अक्षर होतं, योख. शेपटीवाल्या तिनाच्या आकड्यासारखं दिसायचं. छपाई आली तेव्हा अक्षरांचे खिळे आले बाहेरून, त्यांत योख नव्हता. छापणाऱ्यांनी बघितलं, झेड साधारण तसाच दिसतो, बसवून दिला. घरातली माणसं मिंगिसच म्हणत राहिली, आणि कागद वाचणारे मेंझीज म्हणायला लागले. म्हणजे माझ्यासारखे, अकरावीत पहिले आलेले.

मी म्हटलं, हे तर आमच्या ळचं झालं. आमच्या आयटी पार्कात देशभरातून आलेली पोरं रोज बसमध्ये तलवडे, तलवडे करतात, कारण पाटीवर इंग्रजीत ळ नाही. आमचं वाळुंजकर कंपनीच्या पासावर वालुंजकर होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "हो, वालुंजकर." मी शेंग तोंडात धरून तुम्हाला ळ दाखवला. जीभ मागे दुमडा, म्हटलं. तुम्ही घशातून असा काही आवाज काढलात की शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी पाणी हवं का विचारलं. रेवा मात्र खाली खेळण्यांत बसून दोन्ही म्हणायची, योखमधला खरखरीत ख आणि वाळुंजकरमधला ळ. दोन आज्यांच्या जिभा एका तोंडात. कार्टी.

एवढ्यावर थांबतील त्या विहीणबाई कसल्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते की आम्ही इथले मूळचे. ही मराठवाड्याची, कोकणातली, बिहारची माणसं आत्ता आली कंपन्यांमागे, आमची जमीन इथली, आमचे देव इथले. तुम्ही विचारलंत, वाळुंजकर म्हणजे काय? मी म्हटलं, वाळुंज गावचे. तुम्ही विचारलंत, "मग तळवड्यात काय करताय?"

मी मटार सोलायची थांबले. गावातल्या माणसाला गावात कोण गावकर म्हणतं? वाळुंजमधे राहणाऱ्याला वाळुंजकर म्हणायचं कारणच काय? म्हणजे आमचा कुणी पणजा-खापरपणजा बोचकं घेऊन तळवड्यात आला, आणि तेव्हाच्या मूळच्या माणसांनी त्याला हाक मारली असणार, ए वाळुंजकर, बाहेरच्या. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते बिऱ्हाड नावात घेऊन फिरतोय आणि दुसऱ्यांना उपरे म्हणतोय. तुम्ही हसत हसत स्वतःचंही सांगून टाकलंत, की मिंगिस हे काही स्कॉटलंडचं नव्हे. फ्रान्सच्या उत्तरेला एक खेडं आहे, तिथून कुणी सरदाराबरोबर आले, गावाचं नाव चिकटलं, पुढे डोंगर त्यांचे झाले, मग डोंगर त्यांना मूळचे म्हणायला लागले. "तुम्ही वाळुंजच्या, मी फ्रान्सची," तुम्ही म्हणालात, "आणि दोघी पिंपळे सौदागरला मटार सोलतोय." त्या दिवसापासून मी बसमध्ये तलवडे म्हणणाऱ्या पोरांना ळ शिकवते, पण उपरे म्हणत नाही. एवढं तुमचं माझ्यावर आहे, कबूल.

आणि तेव्हाच तुम्ही दुसरी गोष्ट बोललात, ती मला उशिरा उमगली. तुमच्याकडे म्हणे बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिचंच. दगडावरही तेच कोरतात. तुम्हाला मिंगिस लावायची गरजच नव्हती. "मग एवढं भांडता कशाला त्या मिंगिसवरून?" मी विचारलं. तुम्ही टरफलं गोळा केलीत, उठलात, आणि आतून सांगितलंत की जो कोणी बरोबर म्हणतो, त्याच्या तोंडून एकदा अँगस येऊन जातो. एवढंच.

मग यांचं झालं. छातीत दुखतंय म्हणाले, तेव्हा मी तुमच्याकडेच होते, हे मला न्यायला आलेले. तुम्ही रिक्षा थांबवलीत, आपण दोघींनी यांना पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. खिडकीमागच्या मुलाने विचारलं, पेशंटचं नाव? आता तुम्हीच सांगा, जिने आयुष्यभर अहो, ऐकलंत का, आमचे हे, प्राजक्ताचे पप्पा, एवढ्यावर संसार केला, तिने काय करावं? मी म्हटलं, हे. तो म्हणाला, हे कोण? मागे रांग. माझी जीभ टाळूला चिकटलेली. आणि मग तिला एकच वाट माहीत होती, त्या वाटेने ती सुसाट सुटली:

"इंद्रायणीच्या काठाला तळवडे गाव, सासूबाईंच्या शब्दाखातर घेते खंडेरावांचं नाव."

खिडकीतला मुलगा पेन हातात धरून बघत राहिला. रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. आणि स्ट्रेचरवरून, मास्क बाजूला करून, हे म्हणाले, "वा. आता घास पण भरव."

ते त्यांचं मला बोललेलं शेवटचं धड वाक्य. दोन्ही हातांनी धरून ठेवलंय मी ते.

पुढे दिलीपच्या पोराचं लग्न झालं. नवी सून दारात, बाया दार अडवून. एकेकीला नाव घ्यायला लावत होत्या. माझ्या अलीकडचीचं झालं, मी सवयीने पदर सारखा केला, घसा साफ केला. आणि सगळ्यांची नजर माझ्यावरून पुढच्या बाईकडे गेली, जशी बस थांबा रिकामा बघून पुढे जाते. कुणी वाईट वागलं नाही. कुणी काही बोललंच नाही. चंद्राबाईने हाताला धरून मला हळूच स्वयंपाकघराच्या दारात, तिच्या शेजारी, जागा करून दिली.

परतताना गाडीत तुम्ही विचारलंत, "तुम्ही त्यांचं नाव शेवटचं कधी घेतलंत?" मी म्हटलं, दवाखान्याच्या खिडकीवर. तुम्ही म्हणालात, म्हणजे त्यांचं नाव आता फक्त वीजबिलावर आहे. मला असा संताप आला की मी नाशिक फाट्याला उतरून गेले. रीत आहे आमची, तुम्हाला काय कळणार, असं काहीबाही बोलले. मग पुष्कळ दिवस मी आलेच नाही. घरी एकटी असताना देवघरासमोर ते नाव म्हणून बघितलं. उखाण्याशिवाय येईना. उखाण्यात आलं, तर सासूबाईंच्या शब्दाशी अडायचं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, आता कुणाच्या शब्दाखातर घ्यायचं?

शेवटी तुम्हीच आलात तळवड्याला, बसने, ळचा ल करत. स्वयंपाकघरात पाट ओढून बसलात, माझ्या समोरचे कांदे चिरायला घेतलेत आणि म्हणालात, मला उखाणा शिकवा. मी म्हटलं, तुमच्या वयाला शोभत नाही. तुम्ही म्हणालात, "तुम्ही माझ्याहून लहान, तुम्हाला काय शोभतं ते मी ठरवणार." कांद्याने दोघींच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, त्यामुळे कोण रडलं हा वाद कायमचा मिटला. मी रचलं:

चाकणच्या कांद्यानं डोळ्यांना पाणी,
अँगस मिंगिसचं नाव घेते ग्लासगोची राणी.

राणीला तुमचा सक्त विरोध. राणीबद्दल आमच्या घरात चांगलं बोलत नाहीत, म्हणालात. मग राणीची शहाणी केली. तुम्ही ती चाल लावून पाठ केलीत, बसच्या थांब्यापर्यंत म्हणत गेलात, आणि बसमध्ये चढताना ओरडून करार सांगितलात. जी मागे राहील तिने दोन्ही. कंडक्टरही हो म्हणाला.

तर रविवार. कॅलमने सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. कंपनीतली मंडळी होती, सोसायटीतल्या बायका होत्या, आणि तळवड्याहून गाड्या भरून आमची भावकी. माइकवर परत दिलीप. मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, "मोराग मिंगिस यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत." मिंगिस. स्वच्छ. नंतर कळलं, रेवाने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. विहीणबाई, तुमचे अँगस त्या हॉलमधून एकदा येऊन गेले बघा.

मग कॅलम माझ्याकडे बघायला लागला. करार त्याला ठाऊक होता. मी उठले. चंद्राबाईने पदर ओढला, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, नाव घ्यायला. "कुणाचं?" म्हटलं, दोघांचं. तिने पदर सोडला नाही, तो मलाच सोडवून घ्यावा लागला.

तुमचा आधी घेतला. कांदा, पाणी, अँगस मिंगिस, ग्लासगोची शहाणी. सोसायटीतल्या बायका हसल्या आणि हसता हसता रडल्या. कॅलमने मान खाली घातली. मग माझा. समोर अख्खी भावकी. तरुणपणी याच उखाण्यात मी अडखळले होते, सासूबाईंच्या ऐवजी मामंजी म्हणाले होते, मांडव हसला होता, आणि मी आठवडाभर तोंड लपवून फिरले होते. एवढ्याशा चुकीला. वेडी. या वेळेला मी बोलताना बदल मुद्दाम केला:

इंद्रायणीच्या काठाला तळवडे गाव,
विचारलं न्हाई कुणी, तरी घेते खंडेरावांचं नाव.

जिन्यात कुणी खाकरलं नाही. तेवढं मी ऐकलं.

मग थांबायचं सोडून मी पुढे बोलले, तुमच्यासारखं, यमकाशिवाय. म्हटलं, खंडेराव वाळुंजकर. विहिरीवरचं इंजिन एका लाथेत सुरू करायचे. चहा बशीतच प्यायचे. माझ्या उखाण्याला दर वेळी खाकरायचे. आणि बसले.

दिलीप माइक हातात घेऊन उभा. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. चंद्राबाई उठून उभी. तीच, रीत राखणारी, स्वयंपाकघराच्या दारातली. "दिल्या, ते हिकडं आन," म्हणाली. माइक तोंडाला लावला आणि तिला काही आठवेना. तिचा उखाणा इतक्या वर्षांत पुसून गेलेला. माइकमधून नुसता तिचा श्वास येत होता. कुणी हसलं नाही. शेवटी तिने उखाणा सोडून दिला.

"सखाराम," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "सखाराम वाळुंजकर. आमचं मालक." आणि माझ्याकडे वळून, जणू माझीच तक्रार करत, "माझंबी ऱ्हायलं व्हतं की."

घरी येताना ती गाडीत खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी कान दिला. चाकणचा कांदा तिने घेतला होता आणि त्याला सखाराम जुळवत होती. जुळत नव्हतं. मी म्हटलं, उद्या दुपारी ये, मटार आणलेत, बसू.

तर विहीणबाई, तुम्हाला ळ शेवटपर्यंत आला नाही, तो वाद मी मिटवलेला नाही, भेटू तेव्हा पुढे चालू. पाय मात्र तुम्ही त्या दिवशी वर ओढून घेतलेत, माझं ताम्हण तसंच राहिलं. रविवारचं जे झालं, तो तुमचा मान. आता तरी पाय खाली ठेवा.